पानं न बघितलेल्या बाईला घाबरवताना

माझ्या नवऱ्याचा चेहरा चोरीला गेला तो मरीन परेडला, एका शनिवारी संध्याकाळी, वडे तळायच्या वासात. पोलिसांत जायची सोय असती तर मी गेले असते. वर्णन तोंडपाठ होतं: रंग गव्हाळ, नाक सरळ, भुवया जाड, त्यातली डावी उजवीपेक्षा जास्त कामाची.

त्या डाव्या भुवईबद्दल आधी सांगायला हवं. सगळं भांडण तिच्यावरूनच आहे.

आमचे हे बोलत नाहीत. मला बघायला आले तेव्हा माझी आई म्हणाली, मुलगा शांत आहे. शांत हा शब्द तळ्याला बरा दिसतो. ज्याच्याबरोबर चहा प्यायचा, भाजी आणायची, आजारपणं काढायची, त्या माणसाला तो लावला की आपण आयुष्यभर काठावर बसून खडे मारायचे. "भाजी कशी झालीय?" बुडूक. "ठीक." "साहेब काय म्हणाले?" बुडूक. "काही नाही."

पण हा माणूस एका ठिकाणी मात्र भडाभडा बोलायचा, आणि तेही तोंड न उघडता. मेंढीकोटच्या डावात. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं एकमेकांचे भिडू, आणि चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडायच्या. भिडूला आपली पानं सांगायला सक्त मनाई. म्हणूनच तर सांगायची असतात. ह्यांनी कानाची पाळी चिमटीत धरली की बदाम. घसा खाकरला की किलवर. मी मंगळसूत्र सारखं केलं की चौकट, पदर किंवा ओढणी ओढली की इस्पिक. ह्याला लबाडी म्हणणारे लोक भेटले आहेत मला. ते सगळे हरलेले होते.

आणि ह्या सगळ्या खुणांत एक खूण आमची खास होती. लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत, माझ्या माहेरी, जागरणाला डाव बसला होता. ह्यांच्या हातात काय पानं होती देव जाणे. बराच वेळ बसून राहिले आणि मग अंगठ्याने हळूच डावी भुवई खाजवून माझ्याकडे बघितलं. कोणी शिकवलेली खूण नव्हती, पण मला कळलं. "मला सुचत नाहीये. तू सांग." मी बांगड्या मनगटावर मागे सारल्या: टाका. त्यांनी टाकलं. आम्ही जिंकलो. बांगड्या मागे म्हणजे 'हो', चष्मा वर म्हणजे 'सोडून द्या', हे तेव्हापासून कायमचं ठरलं. चष्मा मला पुढे लागला. तोवर मी नाकावर नुसतंच बोट ठेवायची. ज्या बाईला नवऱ्याने आजवर एकही चिठ्ठी लिहिली नाही तिला विचारा, ही भुवई म्हणजे काय चीज आहे.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो. ऑफिस बुओना व्हिस्टाला, आणि तिथून चालत जाता येईल असा भाड्याचा कॉन्डो. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घरात फक्त एसीचा आवाज उरला. म्हणून शनिवार. दर शनिवारी आम्ही मरीन परेडला एका पुणेकर जोडप्याकडे जायचो. तिकडे तेव्हा एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, नव्हती. हिरव्या लाइनने पेया लेबारपर्यंत आणि पुढे बसने. ते दोघं, आम्ही दोघं, आणि मेंढीकोट. मी समोर, हे समोर, मध्ये टेबलावर दाणे. आठवडाभराचं सगळं बोलणं त्या दोन-तीन तासांत उरकायचं.

त्या घरातल्या यजमानांना मी इथे गुरुजी म्हणणार आहे. ही पदवी त्यांना मी नंतर दिली, रागाने. त्यांच्या बायकोला ओघानेच गुरुपत्नी म्हणावं लागेल.

शहरात कॅसिनो उघडून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. पोकर, पोकर असं जो तो म्हणायचा. एका शनिवारी आम्ही पोचलो तर टेबलावर हिरवं कापड आणि माझ्या आणि गुरुपत्नींच्या खुर्च्यांवर गुरुजींच्या ऑफिसातले दोन बॅचलर बसलेले. नुकतेच पुण्याहून आलेले, केसांना जेल लावणारे.

"वहिनी, आजपासून पोकर," गुरुजी मला म्हणाले. "चौघंच बसू. आधी आम्ही तयार होतो, मग कॅसिनोत जायचं. तुम्ही आत गप्पा मारा निवांत."

आत म्हणजे स्वयंपाकघरात. गुरुपत्नी कढईत वडे सोडत होत्या. मी म्हटलं, "अहो, आपल्या खुर्च्या गेल्या."

"जाऊ देत की," त्या म्हणाल्या. "खरं सांगू? मला तो मेंढीकोट कधी आवडलाच नाही. हुकूम कोणता तेच माझ्या लक्षात राहत नाही."

इतकी वर्षं आम्ही ह्या दोघांना का हरवत होतो, ते मला त्या कढईपाशी उभी असताना कळलं. त्याचाही राग आला.

बाहेरून गुरुजींचं प्रवचन ऐकू येत होतं. "पोकरमध्ये भिडू नसतो. इथे प्रत्येक जण एकटा. पानं वाईट आली तरी चालतील, पण चेहरा दगड पाहिजे. समोरच्याला वाटलं पाहिजे की ह्याच्याकडे एक्क्यांची रांग आहे. हा सराव रोज करायचा. घरीसुद्धा. बायकोसमोर जमला तर जगात कुठेही जमतो."

बॅचलर हसले. आमचे हे हसले नाहीत. त्यांनी सराव सुरू केला होता.

मुळात जो माणूस बोलत नाही त्याला चेहराही बंद ठेवायला शिकवणं, हे मी काय सांगू तुम्हाला. एका खिडकीच्या खोलीत राहणाऱ्याची ती खिडकीही विटा लावून बुजवायची आणि वर म्हणायचं, बघा, आता कसं सुरक्षित वाटतंय. पहिल्या आठवड्यात मी मजा घेतली. सकाळी पोहे देताना म्हटलं, "अहो, मी संन्यास घेतेय." हे पेपर वाचत म्हणाले, "बरं." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "वरच्या मजल्यावरच्या कोरियन माणसाने मला मागणी घातलीय." भुवई हलली नाही. मी आत जाऊन पोह्यांचं पातेलं घासलं, ते असं घासलं की त्याची कल्हई, असती तर, गेली असती.

मग मुलीचा फोन आला. दिवाळीला येत नाही म्हणाली. परीक्षा, तिकिटं, मैत्रिणी, जी काय कारणं असतात ती. मी फोन ठेवला आणि ह्यांना सांगायला गेले. सांगताना माझा आवाज कापला, ते मला आवडलं नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दुःख झालं म्हणावं की बरं वाटलं म्हणावं, काही म्हणजे काही दिसेना. लग्न झाल्यापासून ज्या एका माणसाचं मला बारीकसारीक वाचता येत होतं, त्याचं पुस्तक माझ्या नाकासमोर बंद होतं आणि तो ते मुद्दाम बंद धरून बसला होता. "हं," ते म्हणाले. "बरं."

त्या दिवशी मी ठरवलं की हा खेळ शिकायचा. जिंकायला वगैरे नाही. ज्याने माझा भिडू पळवला तो आहे तरी कोण, हे मला बघायचं होतं.

पुढच्या शनिवारी मी वड्यांचं ताट घेऊन बाहेर गेले आणि खुर्ची ओढली. गुरुजींनी मोठ्या मनाने मला कोणतं पान कशावर चढतं ते समजावलं: जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, सरळ ओळ. मी एकदा ऐकून उलट म्हणून दाखवलं.

"पाठांतर छान आहे, वहिनी," ते म्हणाले. "पण टेबलावर बसलं की खरं कळतं. तिथलं वातावरणच वेगळं. बायकांचे चेहरे फार बोलतात."

"तुम्ही किती वेळा बसलात तिथे?"

गुरुजी पत्ते पिसायला लागले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "कुठले बसतात. पीआरला आत जायला पैसे भरावे लागतात ना. हे कसले भरतायत."

तर असं होतं. नागरिकांना आणि पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, घेतलेल्यांना कॅसिनोच्या दारात प्रवेशाचे चांगले सणसणीत पैसे पडतात. आम्हा पासवाल्या परदेशी लोकांना पासपोर्ट दाखवला की फुकट. गुरुजींनी पीआर घेतलेला होता. माझ्या संसाराला सुरुंग लावणारा हा महर्षी कॅसिनोच्या पायरीवरसुद्धा चढला नव्हता. त्याची सगळी विद्या व्हिडिओतली होती.

"मी तत्त्व म्हणून जात नाही," गुरुजी म्हणाले.

"तत्त्वाचे पण आता पैसे पडतात वाटतं," मी म्हटलं. बॅचलरांपैकी एकाला ठसका लागला. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर रेषही उमटली नाही. जुने हे असते तर खाली बघून मिशीत हसले असते. ह्यांना मिशी नाही, पण त्यांना मिशीत हसता यायचं.

मी एका मंगळवारी दुपारी एकटीच गेले. आत पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा शाल आणली नाही म्हणून चिडले. इतका गारठा की लोणी ठेवावं. खिडकी एकही नाही. पायाखाली असला गालिचा की डोळे फिरावेत. पण फुकट मायलो, ते चॉकलेटचं दूध, मिळत होता, तो मी घेतला, आणि पेला हातात धरून टेबलांमधून फिरले. पोकरची टेबलं शोधता शोधता एका टेबलापाशी थांबले. पाटीवर लिहिलं होतं, तीन पानांचं पोकर. आपली तीन पत्तीच असणार म्हणून जवळ गेले, आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की पानं तीन एवढंच काय ते साम्य.

अर्धगोल टेबल. गोल बाजूला माणसं, पंगतीला बसल्यासारखी ओळीने, आणि सगळ्यांची तोंडं वाढणाऱ्याकडे. वाढणारी म्हणजे पत्ते वाटणारी मुलगी, काळं जाकीट घातलेली. कोणी कोणाच्या समोर नाही. एकमेकांशी खेळायचंच नाही; प्रत्येकाने त्या मुलीशी, म्हणजे कॅसिनोशी, वेगळं खेळायचं. आधी थोड्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजीच्या चकत्या, ठेवायच्या. मग तीन पानं मिळतात. ती बघून, पटली तर तेवढ्याच चिप्स आणखी लावायच्या, नाही पटली तर पानं सोडायची आणि आधीच्या चिप्सवर पाणी सोडायचं. सगळ्यांचं ठरलं की मगच ती मुलगी स्वतःची पानं उलटते. तिच्याकडे निदान राणी किंवा एखादी जोडी तरी नसेल तर तिचा डाव धरतच नाहीत. संपलं. एवढंच.

मी बराच वेळ मागे उभी राहून बघितलं, आणि बघता बघता माझ्या रागाला एकदम धार चढली. कारण त्या मुलीची पानं तिच्यासमोर पालथी पडलेली होती. तिने ती बघितलेलीच नव्हती. लोकांचं ठरेपर्यंत तिला बघायचीच नव्हती, आणि उलटल्यावर काय करायचं ते तिला नियमाने बांधून दिलेलं. मग तिला चेहरा कोणाचा वाचायचाय? दगड काय आणि लगदा काय, तिला दोन्ही सारखेच.

ही गंमत मी घरी सांगितली नाही. मला सांगितलेलं कोण ऐकतंय, आणि ऐकलं ते दिसतंय कोणाच्या तोंडावर?

मग मी दुपारच्या दुपार घरी बसून व्हिडिओ बघितले. हो, मीही. एकच सूत्र होतं लक्षात ठेवायचं: राणी, सहा, चार. पानं त्याच्याइतकी किंवा वरची असतील तर खेळा, खालची असतील तर सोडा. असले व्हिडिओ बघून एक माणूस गुरू होतो आणि तीन चेहरे बंद पाडतो. मी ते भीमरूपीसारखं म्हणत कणीक मळली. पुन्हा एका दुपारी जाऊन खेळूनही आले. पहिल्याच डावात पानं उचलली आणि सवयीने समोर बघितलं. समोर भिडूच्या जागी ती जाकीटवाली. मग शेजारी एक चिनी आजोबा बसले होते, त्यांच्याकडे बघितलं आणि माझी ओढणी आपोआप ओढली गेली, इस्पिकची. आजोबांनी चिप्स माझ्यापासून लांब सरकवल्या. मुलगी म्हणाली, "मॅडम, नो शोइंग, नो डिस्कसिंग, ओके?" मी ओके म्हटलं. खेळता येत होतं, जमतही होतं, आणि डाव संपल्यावर ज्याच्याशी भांडावं असं कोणी नव्हतं. जिंकल्यावरसुद्धा इतकं चिडचिडं वाटायला लावणारा खेळ मी दुसरा बघितला नाही.

शेवटी तो रविवार उगवला. तयारी पूर्ण झाली होती. गुरुजी येणार नव्हते, तत्त्वामुळे, पण त्यांनी आपला काळा चष्मा ह्यांना आशीर्वाद म्हणून दिला होता. हे, दोन बॅचलर आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी पासपोर्ट पर्समध्ये टाकला आणि चपला घालून दारात उभी राहिले.

"तू कशाला?" हे म्हणाले.

"मायलो प्यायला."

आत गेल्यावर खऱ्या पोकरच्या, म्हणजे माणसांनी माणसांशी खेळायच्या टेबलांपाशी ही गर्दी. नाव नोंदवून थांबायचं, आणि बसायला लागणाऱ्या चिप्सचा आकडा बघून बॅचलरांचे चेहरे दगडाचे सोडा, पिठाचे झाले. ते नाव लिहून खायला काय मिळतं ते शोधायला गेले. हे एकटेच भटकत निघाले, मी मागे. आणि ते त्याच पाटीपाशी थांबले. पोकर लिहिलेलं दिसलं, बसले.

मीही बसले. त्यांच्या शेजारी नाही. अर्धगोलाच्या ह्या टोकाला ते आणि त्या टोकाला मी. तिथून थोडं वळून बसलं की एकमेकांची तोंडं दिसतात. निदान त्यांच्या तोंडावरचा गुरुजींचा चष्मा दिसत होता.

त्यांनी पहिला डाव जसा खेळला तसा नाटकात खलनायकही खेळत नाही. पानं उचलली. खाली ठेवली. खुर्चीत मागे रेलले. त्या वाटणाऱ्या मुलीकडे, काळ्या काचांमधून, टक लावून बघितलं. इतका वेळ बघितलं की शेजारच्या बाईने तिचं जांभळ्या रंगाचं पेय संपवलं. मग दोन बोटांनी चिप्स अशा काही पुढे सरकवल्या की जणू ह्यांच्याकडे तीन एक्के आहेत आणि मुलीने आता चूपचाप राज्य सोडून वनवासात जावं.

मुलीने जांभई दाबली. दाबलेली जांभई मला लांबून ओळखता येते, संसार केलाय. तिने स्वतःची पानं उलटली, दोन गुलाम निघाले, आणि ह्यांच्या चिप्स ओढून घेतल्या. ह्यांच्याकडे नव्वा, सात आणि तिर्री होती.

दुसऱ्या डावाला पुन्हा तेच. रेलणं, टक लावणं, चिप्स. पुन्हा गेल्या.

तिसऱ्या वेळी माझ्याने राहवलं नाही. मी मराठीत, अगदी देवळात बोलावं तशा हळू आवाजात म्हटलं, "अहो, कोणाला घाबरवताय? त्या बाईने स्वतःचीच पानं अजून बघितलेली नाहीत."

हे हलले नाहीत. पण मुलीच्या समोर पालथ्या पडलेल्या तीन पानांकडे त्यांचा चष्मा सावकाश वळला, आणि तिथेच राहिला. इतक्या महिन्यांचा सराव त्या तीन पानांपुढे उभा होता आणि पानं झोपली होती.

"मॅडम, इंग्लिश प्लीज," मुलगी म्हणाली. "नो डिस्कसिंग." आणि तेवढ्यात मागून सूट घातलेला एक साहेब आला, वाकून ह्यांना म्हणाला, "सर, ग्लासेस ऑफ, प्लीज. फॉर कॅमेरा."

चष्मा उतरला. खाली आमचे हे निघाले. किती दिवसांनी दिसत होते. डोळ्यांखाली जरा थकल्यासारखे, आणि नाकावर चष्म्याचे दोन वळ.

नवी पानं आली. त्यांनी उचलली, बघितली, आणि ह्या खेपेला रेलले नाहीत. चिप्सकडे हात नेला, मागे घेतला. पानं पुन्हा बघितली. आणि मग त्यांचा अंगठा वर गेला. डावी भुवई. हळूच खाजवली, आणि माझ्याकडे बघितलं.

मला सुचत नाहीये. तू सांग.

बरं वाटलं, नाही असं नाही. ते क्षणभरच. मग राग आला, आणि माझ्याकडे राग आला की बाकीचे पाहुणे उठून जातात. म्हणजे अडलं की भिडू? पोरगी येत नाही म्हणून मी समोर उभी राहून रडायच्या बेतात होते तेव्हा तुमच्या तोंडावर माशी बसायला जागा नव्हती, आणि आता ह्या जाकीटवालीने चिप्स उचलायला सुरुवात केल्यावर भुवईला बायको आठवली?

माझ्या बांगड्या माझ्या मनगटावर होत्या. माझा चष्मा माझ्या नाकावर होता. मी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. गुरुजी तिथे असते तर त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं असतं, असा दगड.

त्यांनी पुन्हा भुवई खाजवली. जरा जोरात. मी बघत राहिले.

मुलगी म्हणाली, "सर?" त्यांनी चिप्स लावल्या. तिने आपली पानं उलटली. चौक्यांची जोडी. ह्यांच्या चिप्स गेल्या. आणि ते उठले.

बॅचलरांना निरोप पाठवून आम्ही एमआरटीत बसलो. डब्यात निम्मी माणसं फोनवर आणि निम्मी झोपलेली. दोन स्टेशनं गेली.

"तुला दिसलं नाही का?" ते म्हणाले.

"काय?"

"खूण केली होती मी."

"दिसली."

"मग?"

"पोकरमध्ये भिडू नसतो."

"राणी होती," ते म्हणाले. "पाच आणि दुर्री."

"राणी, सहा, चारच्या खाली सोडायचं असतं."

आता ते माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मला सगळं माहीत होतं. दोनदा येऊन गेलेय मी इथे. तुमचा तो पायरी न चढलेला महर्षी सांगतो आणि तुम्ही ऐकता. ज्या बाईला तुमच्या चेहऱ्याशी काडीचं देणंघेणं नाही तिच्यासाठी चेहरा बंद, आणि जिचं सगळं त्याच्यावरच चालतं ती बसलीय घरी खडे मारत." डब्यातला एक माणूस जागा झाला. मराठी येत नसणार, पण सूर कुठल्याही भाषेतला नवरा ओळखतो. त्याने डोळे पुन्हा मिटून घेतले. "पोरगी येत नाही म्हटल्यावर काय वाटलं तुम्हाला? सांगा. आत्ता सांगा."

"खाली पार्किंगमध्ये जाऊन बसलो होतो. बराच वेळ. मग तिला फोन केला, उन्हाळ्यात तरी ये म्हटलं."

"मग हे मला का नाही सांगितलं?"

"सराव चालू होता," ते म्हणाले.

ह्या वाक्यावर माणसाला नक्की कुठे धरून हलवायचं असतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्यात काच असती तर मी ती फोडली असती. उरलेला रस्ता मी बोलले नाही. माझ्या न बोलण्याची त्यांना सवय नव्हती. बुओना व्हिस्टाला उतरताना ते माझ्या मागून चालत होते.

शनिवारी मरीन परेडला गेलो तर हिरवं कापड अंथरलेलंच होतं. "काय, कसा झाला पहिला सामना?" गुरुजींनी विचारलं.

ह्यांनी खिशातून काळा चष्मा काढून कापडावर ठेवला. "तिथे चेहऱ्याचं काही काम नसतं," ते म्हणाले. "ती बाई स्वतःची पानंच बघत नाही."

"तुम्ही चुकीच्या टेबलावर बसलात," गुरुजी म्हणाले. "ते खरं पोकरच नव्हे."

"असेल. तुम्ही एकदा पैसे भरून जाऊन या." आणि मग, आतापर्यंत त्या घरात स्वतःहून एकही वाक्य सुरू न केलेला हा माणूस म्हणाला, "मेंढीकोट टाकू या का?"

गुरुपत्नींनी आतून "अरे देवा" म्हटलं. मी आत जाऊन त्यांच्या हातातला झारा काढून घेतला आणि बॅचलरांच्या हातात दिला. एकाने तो उलटा धरला. दुसरा पिठात बोट घालून बघत होता. त्यांना म्हटलं, वडा सोडताना चेहरा दगडाचा ठेवा, तेल उडतं.

बसलो. मी समोर, हे समोर, मध्ये दाणे. डाव रंगला, तीन दश्श्या झाल्या, दोन त्यांच्या, एक आमची. चौथी कुठे आहे त्यावर सगळं होतं. ह्यांची पाळी आली. पानांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अंगठा भुवईकडे गेला.

सराव सुटला होता. खूण नाजूक असते, ती करायची आणि केलीच नाही असं दाखवायचं. ह्यांनी नायटा झाल्यासारखी भुवई खाजवली. मी घाईघाईने चष्मा वर केला, सोडून द्या, आणि घाईत माझ्या बांगड्या खळाखळा मागे गेल्या.

"ते भुवई खाजवतायत," गुरुपत्नी म्हणाल्या. "ही तुमची खूण आहे का हो?"

ज्या बाईला हुकूम कोणता ते आठवत नाही, तिला दिसलं. ह्यांनी टाकलं ते पान गुरुजींनी कापलं आणि मेंढी घेऊन गेले. आम्ही हरलो.

बसमध्ये बसल्याबसल्या मी सुरू केलं. "भुवई खाजवायची असते, ओरबाडायची नसते."

"तू बांगड्या वाजवल्यास," ते म्हणाले. "मला वाटलं हो म्हणतेयस."

"चष्मा आधी वर केला होता मी."

"उशिरा केलास. तू नेहमी उशीर करतेस. तुझ्या माहेरीही केला होतास, गणपतीत. माझ्याकडे बदामाची दश्शी होती आणि तू तुझ्या मामेबहिणीशी बोलत बसलीस. मी तीनदा खाजवली तेव्हा तुझं लक्ष गेलं. आपण जिंकलो ते नशिबाने."

इतकी वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं. मी म्हटलं, खोटं आहे. ते म्हणाले, खरं आहे, आणि त्याच्या आदल्या डावातही असंच झालं होतं, आणि तो कोणता डाव, कोणी काय टाकलं, मामेबहीण कुठे बसली होती, तिने कुठली साडी नेसली होती, हे सगळं ते सांगायला लागले. भुवया दोन्ही वर-खाली होत होत्या. मी चिडून लाल झाले होते. पेया लेबारचा स्टॉप आला आणि गेला, तरी मी त्यांना मध्येच तोडलं नाही. शेवटच्या स्टॉपला ड्रायव्हरने उतरायला सांगितलं तेव्हा ते साडीच्या हिरव्या काठापर्यंत आले होते.

काठ हिरवा नव्हता. तेही चुकीचंच होतं.